मागच्या एक्सलचा आवाज आधी ओळखा, पाना मग लावा

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी या नावाची वाडी काही एकच नाही. डोंगराच्या पायथ्याला, माचीवर, घाटाच्या कुशीत अशा वाड्या आहेत. बोरघाटातल्या लोहमार्गावरही पळसदरी, जामब्रुंगच्या पुढे ठाकुरवाडी याच नावाचे एक ठिकाण आहे. त्या घाटात रुळांचा चढ सुमारे ३७ फुटांना १ फूट इतका आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक आगगाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात. आपल्या वाडीच्या रस्त्याचा चढ याहून कितीतरी उभा असतो. वर खड्डे असतात, पावसाळ्यात ओढे असतात. पण काकडी-शिराळ्याने भरलेल्या पिकअपला मागून ढकलायला कोणी इंजिन लावत नाही. सगळा भार आणि सगळी ओढ मागच्या एक्सलवर येते.

हा एक्सल मोडला तर नुसती गाडी उभी राहत नाही. रात्री निघालेली भेंडी, कारली पहाटेच्या आत वाशीच्या किंवा कल्याणच्या बाजारात पोचली नाहीत, तर त्या दिवसाचा भाव गेला. गाडी बहुधा एकाची असते आणि माल दहा घरांचा असतो. म्हणून हा विषय एकट्या ड्रायव्हरचा नाही, माल पाठवणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

आपण पिकावर औषध मारण्याआधी रोग ओळखतो. पान वाळले म्हणजे करपाच असेल असे नाही, खोडकिडाही असू शकतो. करप्याचे औषध खोडकिड्यावर मारले तर पैसा जातो आणि पीकही जाते. गाडीचे अगदी तसेच आहे. मागून घरघर आली की लगेच "क्राऊन-पिनियन गेलं, सेट बदला" असे सांगणारे भेटतात. पुष्कळदा दोष असतो चाकाच्या बेअरिंगचा, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा, नाहीतर नुसत्या टायरचा. तेव्हा निदान आधी, दुरुस्ती मग.

एक्सलच्या पोटात काय असते

बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्यावर मोकळी फिरतात. वळताना एक चाक जास्त फिरते, दुसरे कमी, त्याची अडचण येत नाही. मोटारीत मात्र चाकांना फिरवायचे काम इंजिनाचे. गिअरबॉक्समधून निघालेला लांब प्रोपेलर शाफ्ट मागे येतो. त्याच्या टोकाला पिनियन हे लहान दातेरी चाक असते. ते क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. प्रोपेलर साधारण चार-पाच वेळा फिरला की गाडीचे चाक एकदा फिरते. वेग कमी होतो तो जोर वाढवण्यासाठी.

क्राऊनच्या आत लहान गिअरची चौकडी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. वळणावर एका चाकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी फिरू देणे हे तिचे काम. तिथून दोन बाजूंना दोन एक्सल शाफ्ट चाकांपर्यंत जातात. या सगळ्यावर लोखंडी नळकांड्यासारखे कवच असते, ते हाऊसिंग. त्यात गिअर ऑइल असते.

आपल्या गाडीचा एक्सल दोनपैकी कोणत्या जातीचा आहे हे मालकाला माहीत हवे. चाकाच्या मध्यभागी हब पुढे आलेला असेल आणि त्याच्या तोंडावर लहान बोल्टांचे कडे दिसत असेल, तर चाकाचा भार बैलगाडीसारखा हाऊसिंगवर आहे, आतला शाफ्ट फक्त फिरवतो. असा शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. तसे कडे नसेल, तर बहुधा शाफ्टवरच चाक बसलेले आहे. अशा गाडीचा शाफ्ट तुटला तर चाकच निखळून बाहेर येऊ शकते. घाटात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

आवाज कधी येतो ते पाहा

आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो याला महत्त्व आहे. गाडी रिकामी घ्यावी, सपाट मोकळ्या रस्त्यावर चालवावी आणि शेजारी कोणाला तरी बसवून पुढील गोष्टी पाहाव्यात.

ॲक्सिलरेटर दाबला की घुंऽऽ असा आवाज वाढतो आणि पाय उचलला की बदलतो किंवा थांबतो, तर दोष क्राऊन-पिनियनच्या दातांत किंवा पिनियनच्या बेअरिंगमध्ये शोधावा. उलट, पाय उचलल्यावरच आवाज येत असेल, तर पिनियन ढिले झाल्याचा संशय आधी घ्यावा.

पाय दाबा की उचला, आवाज तोच राहतो आणि फक्त गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, तर चाकाचे बेअरिंग पाहावे. सावकाश डावीकडे वळण घेतले की भार उजव्या चाकावर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्यावा, उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या.

डांबरी रस्त्यावर आवाज येतो, सिमेंटच्या रस्त्यावर निराळा होतो आणि मातीवर जवळजवळ बंद पडतो, तर तो टायरचा आवाज आहे. टायरवर हात फिरवून झीज वर-खाली लागते का ते पाहावे. एक्सल खोलू नये.

सरळ जाताना गाडी गप्प आणि फक्त वळणावर खरखर करते, तर डिफरन्शियलमधले लहान गिअर पाहायला हवेत.

गाडी उचलताना किंवा क्लच सोडताना एकदाच "ठक्" असा ठोका बसतो, तर आधी प्रोपेलरचे क्रॉस आणि पाट्यांचे यू-बोल्ट तपासावेत. एक्सलचा नंबर त्यानंतर.

ठराविक अंतराने टक-टक होत असेल तर मोजावे. चाकाच्या एका फेऱ्याला एक टक असेल तर क्राऊनचा दात, ड्रम किंवा चाक. त्याच्या चार-पाचपट घाईने वाजत असेल तर प्रोपेलर किंवा पिनियन.

इंजिन ओढते, गिअर पडतो, पण गाडी जागची हलत नाही, अशा वेळी एकाने दूर, बाजूला उभे राहून प्रोपेलर फिरतो का ते पाहावे. फिरत नसेल तर दोष क्लच किंवा गिअरबॉक्सचा. फिरत असेल तर शाफ्ट तुटला आहे, नाहीतर डिफरन्शियल मोडले आहे. अशी गाडी अजिबात पुढे रेटू नये.

बिनखर्चाच्या पाच परीक्षा

आधी सुरक्षिततेचे बोलू. जॅक लावायचा तो सपाट आणि टणक जमिनीवर, चढावर कधीही नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हाऊसिंगखाली भक्कम स्टँड किंवा जाड ओंडके द्यावेत. एक चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकणे हा जिवाशी खेळ आहे. खालच्या चाकालाही ओढ मिळते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

पहिली परीक्षा हाताची. दहा-पंधरा किलोमीटर गाडी फारसा ब्रेक न लावता चालवून थांबवावी आणि हाताची मागची बाजू दोन्ही ड्रमजवळ न्यावी. ड्रमला हात चिकटवू नये, भाजेल. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर त्या चाकाचा ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग जात आहे. चाक उचलून, हँडब्रेक सोडून हाताने फिरवावे. ब्रेकची ॲडजस्टमेंट ढिली केल्यावर चाक मोकळे झाले तर दोष ब्रेकचा. तरीही खरखरत असेल तर बेअरिंगचा.

दुसरी परीक्षा हलवण्याची. उचललेले चाक वर आणि खाली असे दोन्ही हातांनी धरून हलवावे. ते वर-खाली डुलता कामा नये. डुलत असेल तर बेअरिंग किंवा त्याची बैठक झिजली.

तिसरी परीक्षा प्रोपेलरची. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना ठोकळे. प्रोपेलर हाताने थोडा उलट-सुलट फिरवावा. थोडी ढिलाई असतेच. पण क्रॉसच्या दोन बाजू वेगवेगळ्या हलत असतील तर क्रॉस गेला. पिनियनचे तोंड धरून वर-खाली हलवावे. तिथे जराही हालचाल असेल तर पिनियनचे बेअरिंग किंवा नट ढिला आहे.

चौथी परीक्षा सुतळीची. पुढची चाके सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी धरावी, गाठ मारावी आणि तेच माप दुसऱ्या बाजूला लावावे. माप जुळले नाही तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल एका बाजूला सरकला असण्याचा संभव आहे. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते चटकन दिसते, ड्रायव्हरला कळत नाही.

पाचवी परीक्षा डोळ्यांची. रिकामी गाडी सपाटीवर उभी करून मागून पाहावे. मागची चाके वरच्या बाजूला आत झुकलेली दिसत असतील, टायर आतल्या कडेला झिजत असतील आणि एकाच बाजूचे सील किंवा बेअरिंग पुन्हापुन्हा जात असेल, तर जादा भाराने हाऊसिंग वाकले आहे असे समजावे. तिथे दहा बेअरिंग बदलली तरी उपयोग नाही.

तेल काय सांगते

रक्त तपासले की डॉक्टरला रोग कळतो, तसे एक्सलचे तेल बोलते. गाडी सपाटीवर थंड होऊ द्यावी. हाऊसिंगला दोन प्लग असतात, वरचा भरायचा आणि खालचा सोडायचा. आधी वरचा खोलावा. तो जाम असेल आणि खालचा आधी सोडला, तर तेल गेले आणि भरायची वाट बंद. तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवे, करंगळीचे टोक आत घातले की लागले पाहिजे.

थोडे तेल पांढऱ्या कागदावर घ्यावे. काळपट पण स्वच्छ असेल तर काळजी नाही. चुंबकाच्या प्लगवर बारीक करडा लेप असणे ही नेहमीची झीज आहे. चमकणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर गाडी तिथेच थांबवावी. तेल दुधाळ, दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. जळका वास आला तर तेल कमी पडले किंवा भार जास्त झाला.

तेल कोणते घालावे ते गाडीच्या पुस्तिकेत असते. अशा बहुतेक एक्सलना हायपॉइड गिअरचे जी.एल.-५ प्रतीचे तेल लागते. तिथे दात एकमेकांवर घसरत फिरतात, त्यामुळे साधे इंजिन ऑइल टिकत नाही. "घरात डबा होता, तोच ओतला" असे करू नये.

ओढ्यातून गेलात तर

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हे सगळ्यांना आठवत असेल. तेवढा पूर रोज येत नाही, पण पेज, चिल्लार, उल्हास यांना मिळणारे ओढे पावसाळ्यात मोऱ्यांवरून वाहतातच. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये, तो जिवाचा प्रश्न आहे. पण साचलेल्या गुडघाभर पाण्यातूनही एक्सलला धोका असतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

चालून चालून हाऊसिंग तापलेले असते, आतली हवाही तापलेली असते. गरम एक्सल थंड पाण्यात बुडाला की ती हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढू लागते. बाहेर पाणी असेल तर ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणीच आत ओढले जाते. पाण्याने तेलाचा थर तुटतो, बेअरिंगला गंज धरतो. घरघर मात्र कदाचित काही महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास सुरू होते. तोपर्यंत आषाढातला ओढा कोणाच्या लक्षात नसतो.

म्हणून हब बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली असेल तर दुसऱ्याच दिवशी वरचा प्लग खोलून तेल पाहावे. दुधाळ असेल तर सगळे सोडून ताजे भरावे, रिकामी गाडी थोडी चालवून पुन्हा पाहावे. परत दुधाळ दिसले तर पुन्हा बदलावे. ज्या गाडीच्या चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरतात, तिथले ग्रीसही तपासून घ्यावे.

सील बदलण्याआधी ब्रीदर पाहा

"सील तीन वेळा बदललं, तरी तेल गळतंच," ही तक्रार नेहमीची. हाऊसिंगच्या वरच्या अंगाला एक लहान टोपी किंवा नळी असते, तो ब्रीदर. एक्सल तापला की आतली हवा फुगते आणि इथून बाहेर पडते. चिखलाने, कधी कुंभारीण माशीच्या मातीच्या घराने हे तोंड बुजते. मग दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढते. नवे सीलही थोड्या दिवसांत गळू लागते. ब्रीदर साफ करायला पैसा लागत नाही. आधी तो मोकळा करावा, गळलेले तेल पुसावे, पातळी भरून घ्यावी आणि दोन दिवस पाहावे.

गळती चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर बोटाला लावून पाहावी. घट्ट, उग्र वासाचे असेल तर ते गिअर ऑइल. पातळ असेल आणि ब्रेक ऑइलच्या डबीची पातळी उतरत असेल तर चाकाचा ब्रेक सिलिंडर गळतो आहे. दोन्ही प्रकारांत लायनर भिजतात आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नयेत. दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. डोंगरउतारावर हा खर्च वाचवणे महागात पडते.

कोणती दुरुस्ती कोणाकडे

ब्रीदर साफ करणे, तेलाची पातळी, क्रॉसला ग्रीस, यू-बोल्ट आवळणे ही कामे वाडीतला जाणता पोरगा करू शकतो. क्रॉस, चाकाचे बेअरिंग, सील आणि लायनर ही कामे चौक, नेरळ, खोपोली, कर्जत अशा ठिकाणच्या चांगल्या गॅरेजमध्ये होतात. क्राऊन-पिनियनचे काम मात्र त्यातला कसबी माणूस आणि मोजमापाची साधने असतील तिथेच द्यावे.

काम देताना काही गोष्टी धरून बसावे. क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली असते. एक नवे, एक जुने चालत नाही. दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दोन दशांशांच्या आसपास, म्हणजे दोन कागदांच्या जाडीएवढी असते. ती डायल गेजने मोजायची, हाताच्या अंदाजाने नाही. दातांना रंगाचा लेप लावून ते एकमेकांना कुठे टेकतात हेही पाहायचे असते. पिनियनचा नट "गच्च" आवळून आवाज बंद करण्याची युक्ती काही जण करतात. त्याने बेअरिंगवर जादा दाब येतो आणि ते जळते. आत दबणारी स्लीव्ह असेल तर खोलल्यावर ती नवीच घालावी.

तुटलेला एक्सल शाफ्ट वेल्डिंग करून बसवू नये. पोलादाला दिलेले पाणी वेल्डिंगच्या उष्णतेने उतरते आणि शाफ्ट पुन्हा तुटतो. शाफ्टवरचे बेअरिंग काढताना गॅसने शाफ्ट तापवू देऊ नये, कारण तेच. बेअरिंगला धरून ठेवणारी कडी एकदा काढली की नवी घालावी. हाऊसिंगला वेल्डिंग करावेच लागले तर अर्थची वायर कामाच्या जवळ लावावी, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन रोलरना खड्डे पडतात.

बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागावा. दात खरेच तुटला होता का, बेअरिंगला खड्डे होते का, हे डोळ्यांनी पाहावे. चांगला कारागीर हे स्वतःच दाखवतो.

भाराचा हिशेब

या रोगाचे मूळ पुष्कळदा भारात असते. "अजून दहा क्रेट टाक, काय होतंय!" या वाक्याने जेवढे एक्सल मोडले असतील, तेवढे खड्ड्यांनी मोडले नसतील. गाडीच्या नोंदणी पुस्तकात एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. पहिल्यातून दुसरे वजा केले की भार मिळतो. समजा तो १३०० किलो आला. ड्रायव्हर आणि सोबती मिळून १२० किलो गेले, राहिले ११८०. एका क्रेटमध्ये २० किलो भाजी आणि क्रेटचे स्वतःचे २ किलो, म्हणजे २२. तर ५३ क्रेट झाले की गाडी भरली. चौपन्नावा खाली ठेवायचा.

भार मागच्या टोकाला रचू नये. चाकांच्या मागे लटकणारा माल पुढची चाके हलकी करतो आणि मागच्या एक्सलवर त्याच्या वजनापेक्षा जास्त दाब टाकतो. जड माल पुढे, केबिनच्या अंगाला असावा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड सांगितला आहे. आणि मालाच्या गाडीत वऱ्हाड किंवा मजूर बसवू नयेत, हे कायद्यानेही खरे आणि वर सांगितलेल्या तुटक्या शाफ्टच्या हिशेबानेही खरे.

ग्रामपंचायतीने काय करावे

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना दोन कामे सहज करता येतील. वाडीच्या वाटेवरच्या प्रत्येक मोरीला आणि फरशीला पाण्याची खोली दाखवणारा रंगवलेला खांब रोवावा, म्हणजे रात्री ड्रायव्हरला अंदाजावर जावे लागणार नाही. दुसरे, पावसाळ्याआधी एक दिवस गावातल्या सगळ्या पिकअपवाल्यांना बोलावून आय.टी.आय.चा एखादा मोटर मेकॅनिक शिकवणारा निदेशक आणावा आणि वरच्या पाच परीक्षा प्रत्यक्ष करून घ्याव्यात. शेतीशाळा शेताच्या बांधावर भरते, तशी ही गाडीखाली भरेल.

गाडीत एक वही ठेवावी. तेल कधी बदलले, सील कधी बदलले, पाण्यातून कधी गेली, आवाज कोणत्या वेळी आला, हे तारखेनिशी लिहावे. गॅरेजमध्ये "मागून कसला तरी आवाज येतो" म्हणणाऱ्याचा एक्सल खोलला जातो. "डावीकडे वळताना येतो, ॲक्सिलरेटरने बदलत नाही, उजवा ड्रम तापतो" असे सांगणाऱ्याचे फक्त उजवे बेअरिंग बदलले जाते.